मुळशीचे विस्थापित आणि देवनारचे विद्यापीठ

पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणी घाटाकडे जाणारा रस्ता पावसाळ्यात सहलीच्या मोटारींनी फुलून जातो. वाटेत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागतो. कणसे खात, छायाचित्रे काढीत तेथे रेंगाळणाऱ्यांपैकी फार थोड्यांना या पाण्याखाली काय आहे याची कल्पना असते. मुळा व निळा या नद्यांच्या संगमाजवळ टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतले तेव्हा मावळातील पन्नासहून अधिक गावांवर गंडांतर आले. भाताची उत्तम खाचरे बुडणार होती आणि त्या पाण्यावर तयार झालेली वीज घाटाखाली भिरा येथून मुंबईला जाणार होती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीच्या दिवशी, मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले आणि मुळशी सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे, पांडुरंग महादेव बापट ही त्यातली ठळक नावे. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी मुळशीनेच दिली.

सत्याग्रह १९२४ पर्यंत कसाबसा टिकला आणि मोडला. बापटांना सात वर्षांची शिक्षा झाली. धरण पूर्ण झाले. प्रा. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो सविस्तर अभ्यास केला त्यातून एक अप्रिय गोष्ट समोर येते. जमिनी नावावर असलेल्यांमध्ये पुण्यातील सावकार पुष्कळ होते. त्यांनी अखेर मोबदला पत्करला. जे प्रत्यक्ष खाचरात राबत होते त्या कुळांना मोबदल्याच्या हिशेबात स्थान नव्हते, कारण १८९४ च्या भूसंपादन कायद्याला मालक दिसे, कसणारा दिसत नसे. शेतमजूर, बलुतेदार, जंगलावर जगणारे यांचा तर प्रश्नच नव्हता. ते कोठे गेले याची नोंद कोणी ठेवली नाही.

ही नोंद ठेवणे हे ज्या विद्याशाखेचे काम, तिचे भारतातील पहिले विद्यालय या घटनेनंतर बारा वर्षांनी मुंबईत निघाले, आणि तेही टाटांच्याच देणगीतून. सर दोराबजी टाटा यांच्या नावाच्या विश्वस्तनिधीने १९३६ मध्ये नागपाड्यात समाजकार्याचे पदव्युत्तर विद्यालय सुरू केले. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट हे त्याचे पहिले संचालक. १९४४ मध्ये त्याचे नाव ‘टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस’ झाले, १९५४ मध्ये ते देवनारला गेले, १९६४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज त्याला सारे ‘टिस’ म्हणून ओळखतात. मुळशीचे धरण आणि नागपाड्याचे विद्यालय यांचा कर्ता एकच उद्योगसमूह असावा यात कोणी ढोंग पाहील, कोणी प्रायश्चित्त. दोन्ही अर्थ ओढूनताणून काढलेले ठरतील. मात्र पुढे याच विद्यालयाचे सर्वाधिक काळ चर्चेत राहिलेले संचालक विस्थापनाचे अभ्यासक निघाले, हा योग लक्षात घेण्यासारखा आहे. डॉ. एस. परशुरामन हे ते संचालक. २००४ ते २०१८ या काळात त्यांनी टिसचा कारभार पाहिला.

त्यांच्या हाती आलेली संस्था कोरी पाटी नव्हती. समाजसेवा आणि समाजकार्य या दोन शब्दांत मराठी माणूस सहसा फरक करीत नाही. वेळ आणि पैसा असलेल्याने गरजूला काही द्यावे, ही सेवा. गरजू गरजू का राहिला याचा शोध घेऊन त्याच्यासह ती स्थिती बदलावी, हे प्रशिक्षित माणसाचे कार्य. हा फरक या देशात रुजविणाऱ्यांत डॉ. माधव सदाशिव गोरे यांचे नाव अग्रभागी येते. दिल्लीच्या समाजकार्य विद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळून ते १९६२ मध्ये टिसचे संचालक झाले आणि वीस वर्षे राहिले. व्यक्तीच्या समस्येवर समुपदेशनाने उपाय करणारी अमेरिकन पद्धत जशीच्या तशी येथे चालणार नाही, येथे गाठ दारिद्र्याशी आणि जातीशी आहे, हे त्यांनी वारंवार मांडले. निवृत्तीनंतर त्यांनी महर्षी विठ्ठल रामजी शिंदे व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विचारांवर ग्रंथ लिहिले, यावरून त्यांच्या आस्थेची दिशा कळते. त्यांच्याच काळात डॉ. सुमा चिटणीस यांनी अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची पाहणी केली. पंधरा राज्यांतील शाळा-महाविद्यालयांचा आढावा घेणाऱ्या त्या अहवालाचे १९८१ मधील शीर्षकच सांगत होते की अजून फार दूर जायचे आहे.

गोरे यांच्यानंतर आलेल्या डॉ. आर्मायटी देसाई यांनी संस्थेला वर्गाबाहेर काढले. १९८४ मध्ये मुंबई पोलिसांच्या आवारात अत्याचारग्रस्त स्त्रियांसाठी विशेष कक्ष सुरू झाला. पोलीस ठाण्याची पायरी चढण्यास घाबरणाऱ्या बाईला तेथे पोलिसाऐवजी समाजकार्यकर्ती भेटू लागली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात भोपाळची वायुदुर्घटना घडली, तेव्हा टिससह अनेक विद्यालयांचे विद्यार्थी घरोघर पाहणीसाठी तेथे गेले. १९८६ मध्ये तुळजापूरला ग्रामीण केंद्र निघाले. सात वर्षांनी किल्लारीचा भूकंप झाला त्या वेळी हे केंद्र शेजारच्याच जिल्ह्यात होते. देसाई पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या अध्यक्ष झाल्या.

परशुरामन यांची जडणघडण याच देसाई पर्वातली. टिसमध्ये अध्यापन आणि संशोधन करीत असताना त्यांचा संबंध नर्मदा खोऱ्याशी आला. सरदार सरोवर धरणामुळे महाराष्ट्रातील अक्कलकुवा व अक्राणी तालुक्यांतील ३३ आदिवासी गावे बाधित होणार होती. पुनर्वसनावर देखरेख ठेवून मूल्यमापन करण्याचे काम महाराष्ट्रापुरते टिसकडे आले. सातपुड्याच्या त्या दुर्गम भागात मणिबेलीसारख्या गावांत जाऊन कोणाची किती जमीन, कोणाच्या नावे, कोण वनजमीन कसतो, कोणाकडे कागद नाही, अशा नोंदी करणे हे त्याचे स्वरूप. त्याच खोऱ्यात आंदोलन उभारणाऱ्या मेधा पाटकरही टिसच्याच विद्यार्थिनी. एकाच विद्यालयातून निघालेली माणसे सरकारने नेमलेल्या पाहणीत आणि सरकारविरोधी मोर्चात अशी दोन्हीकडे होती. पाहणी करणाऱ्याला तटस्थ राहणे सोपे नव्हते आणि आंदोलकांना त्याच्यावर विश्वास ठेवणेही.

मुळशीत सुटलेला धागा येथे पुन्हा हाती येतो. सातबाऱ्यावर नाव नसलेल्या माणसाला प्रकल्पग्रस्त मानायचे की नाही, हाच सातपुड्यातला कळीचा प्रश्न होता. महाराष्ट्राने प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ मध्ये, देशात सर्वांआधी केला. तरी अतिक्रमित म्हणून नोंदलेली जमीन पिढ्यानपिढ्या कसणारा आदिवासी त्याच्या कक्षेत कितपत येतो याबद्दल वाद होतेच. आंदोलनाच्या दबावाने पुनर्वसनाचे धोरण कसे बदलत गेले यावर परशुरामन यांनी १९९७ च्या एका संपादित ग्रंथात लेख लिहिला. त्यांचे ‘द डेव्हलपमेंट डायलेमा’ हे भारतातील विस्थापनाविषयीचे पुस्तक १९९९ मध्ये आले. विकास हवा की नको, अशा शाळकरी वादात ते पडत नाही. खाण, धरण, कारखाना उभा राहताना कोणाचे काय गेले आणि बदल्यात काय मिळाले, याचा हिशेब ते मांडते. त्यात स्त्रिया, भूमिहीन आणि आदिवासी यांच्या नावापुढची रक्कम नेहमीच कमी भरते.

याच सुमारास जागतिक धरण आयोगाच्या सचिवालयात त्यांनी काम केले. दक्षिण आफ्रिकेचे कादर अस्मल त्याचे अध्यक्ष होते, सदस्यांत मेधा पाटकर होत्या. मोठ्या धरणांनी जगभरात चार ते आठ कोटी माणसे उठविली असावीत असा अंदाज आयोगाने नोव्हेंबर २००० मध्ये लंडनला प्रसिद्ध केलेल्या अहवालात मांडला. बाधितांच्या संमतीवाचून धरण नको, हे त्या अहवालाचे सार. भारत सरकारने तो स्वीकारला नाही. आयोगानंतर परशुरामन यांनी ‘ॲक्शनएड’ या संस्थेच्या आशियातील कामात काही काळ घालविला. २००० मध्ये भारतातील आपत्तींवरील एका अहवालग्रंथाचे सहसंपादनही त्यांनी केले. २००४ मध्ये ते देवनारला परतले ते संचालक म्हणून, आणि वर्ष संपण्याआधीच २६ डिसेंबरची त्सुनामी आली. तामिळनाडूचा किनारा आणि अंदमान-निकोबार येथे टिसचे अध्यापक व विद्यार्थी कामाला लागले. आपत्ती-व्यवस्थापनाचे स्वतंत्र अभ्यासकेंद्र या अनुभवातून उभे राहिले.

महाराष्ट्रापुरते पाहिले तर या पर्वाची सुरुवात आणखी एका गंभीर दस्तऐवजाने झाली. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची कारणे शोधण्याचे काम मुंबई उच्च न्यायालयाने टिसवर सोपविले होते. तो अहवाल मार्च २००५ मध्ये सादर झाला. आत्महत्या म्हणजे मनोविकार किंवा दारूचे व्यसन, अशी सोयीची समजूत तोवर सरकारी वर्तुळांत होती. अहवालाने बोट ठेवले ते उत्पादनखर्च, भाव, कर्ज आणि सरकारचा काढता पाय यांवर. पुढेही राज्यात अवघड सामाजिक प्रश्न आला की तो देवनारला पाठविण्याची पद्धतच पडली. धनगर समाजाच्या आरक्षणाच्या मागणीचा अभ्यास हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण. निर्णय लांबणीवर टाकण्यासाठी अभ्यास मागविणे हीही सरकारांची जुनी रीत आहे, हे येथे विसरता येत नाही.

अहवालांपेक्षा अधिक टिकाऊ ठरला तो अभ्यासक्रमातील बदल. समाजकार्याचे एकच सर्वसाधारण प्रशिक्षण देण्याऐवजी पदव्युत्तर शिक्षणाची विशेष क्षेत्रांत पुनर्रचना झाली. दलित व आदिवासी अभ्यास, अपंगत्वविषयक अभ्यास, गुन्हेगारी व न्याय, स्त्रीकेंद्री समाजकार्य, समुदाय-संघटन, मानसिक आरोग्य अशी ती क्षेत्रे. नावांवरून हा केवळ विषयविस्तार वाटेल. पण दलित व आदिवासी अभ्यासाचा स्वतंत्र समाजकार्य-अभ्यासक्रम म्हणजे जातीला ‘समस्याग्रस्तांची पार्श्वभूमी’ न मानता अन्यायाची रचना मानणे. अपंगत्वाच्या बाबतीत हीच दृष्टी लावली की उपचारांची जागा हक्क घेतात. ज्या ज्ञानव्यवहारात दलित आणि आदिवासी आजवर ‘लाभार्थी’ या रकान्यात बसत आले, तेथे त्यांचा अनुभव पाठ्यविषय झाला आणि तो शिकविणाऱ्यांत त्यांच्यातली माणसे आली. टिसमधील सामाजिक संरक्षण कार्यालय हे अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना प्रवेशापूर्वी मार्गदर्शन करण्यापासून पुढे अडीअडचणीत साथ देण्यापर्यंत काम करीत असे. इंग्रजीत गटचर्चा आणि मुलाखत देण्याची धास्ती किती असते हे ज्याने अनुभवले आहे त्याला या मार्गदर्शनाचे मोल सांगावे लागत नाही.

संस्थेचा पसाराही वाढला. तुळजापूरचे केंद्र पूर्ण संकुल झाले, गुवाहाटी आणि हैदराबाद येथे नवी संकुले निघाली. २०१२ मध्ये बारावीनंतर थेट प्रवेशाचे पदवी अभ्यासक्रम सुरू झाले. मराठवाड्यातील मुलाला मुंबईत खोली शोधण्याची गरज न पडता तुळजापुरातच टिसची पदवी मिळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली. क्षेत्रकार्याच्या प्रकल्पांनाही बळ मिळाले. भीक मागणाऱ्यांना गुन्हेगार ठरविणाऱ्या कायद्याच्या विरोधात काम करणारा ‘कोशिश’ हा प्रकल्प २००६ पासूनचा. याच प्रकल्पाने बिहारमधील आधारगृहांची पाहणी केली आणि मुझफ्फरपूरच्या बालिकागृहातील अत्याचार २०१८ मध्ये उघड झाले.

येथे एक बाजू नोंदवायला हवी, नाहीतर चित्र अपुरे राहील. महाराष्ट्रात समाजकार्याचे शिक्षण खऱ्या अर्थाने तळापर्यंत पोचविले ते टिसने नव्हे. पुण्यात महर्षी कर्वे यांच्या संस्थेच्या परिवारात १९६३ मध्ये सुरू झालेली कर्वे समाजसेवा संस्था, नागपूरचे मातृसेवा संघाचे समाजकार्य महाविद्यालय, तेथीलच तिरपुडे महाविद्यालय आणि जिल्ह्याजिल्ह्यांत निघालेली, समाजकल्याण खात्याच्या अनुदानावर चालणारी महाविद्यालये यांनी ते केले. तेथे विद्यार्थी मराठीत उत्तरपत्रिका लिहितो, घरून एसटीने ये-जा करतो आणि शिष्यवृत्तीवर निभावतो. अशा महाविद्यालयांतून बाहेर पडलेली मुले-मुली आज तालुक्यातालुक्यांत समुपदेशक, वसतिगृह-अधीक्षक, रुग्णालयातील समाजसेवा अधीक्षक म्हणून दिसतात. त्यांचे वेतन, रिक्त पदे, ग्रंथालये यांची अवस्था हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. देवनारने दलित-आदिवासी अभ्यासाची परिभाषा घडविली हे खरे, परंतु ती बहुतांशी इंग्रजीत राहिली. ग्रामीण महाराष्ट्रातील महाविद्यालयांपर्यंत मराठी पाठ्यपुस्तकांच्या रूपाने ती तितकीशी पोचली नाही, हा या कारकीर्दीचा एक उणा भाग म्हणावा लागेल.

दुसरा उणा भाग पैशाचा, आणि तो अधिक वेदनादायक. भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीस पात्र असलेल्या विद्यार्थ्यांकडून टिस प्रवेशाच्या वेळी शुल्क घेत नसे. राज्य सरकारांकडून ती रक्कम नंतर येईल, असे गृहीत होते. रक्कम वेळेवर येईना, पुष्कळदा पुरती येईना. दरम्यान संस्था वाढली होती, कितीतरी अध्यापक योजनानिधीवर नेमलेले होते. २०१७ मध्ये बाराव्या पंचवार्षिक योजनेचा निधी संपताच सुमारे पंचवीस अध्यापकांच्या नेमणुका संपुष्टात आल्याचे वृत्त आले. तुटीचा भार हळूहळू विद्यार्थ्यांकडे सरकू लागला. आधी इतर मागासवर्गीयांची सवलत गेली. मग अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांनाही वसतिगृह व भोजनगृहाचे पैसे आधी भरण्यास सांगण्यात आले. शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्या खात्यात येईल तेव्हा येईल, तोवर त्याने कोठून तरी आणावे, असा हा व्यवहार. ज्याच्या घरी ‘कोठून तरी’ म्हणजे सावकार, त्याच्यासाठी त्याचा अर्थ उघड होता.

परशुरामन यांची कारकीर्द संपण्याच्या सुमारास, २१ फेब्रुवारी २०१८ रोजी, टिसच्या चारही संकुलांत विद्यार्थ्यांनी संप पुकारला. देवनारचे प्रवेशद्वार अडविण्यात आले. वर्ग आणि क्षेत्रकार्य अनेक दिवस बंद राहिले. देशभरात सहसा आढळत नाही असे दृश्य तेथे दिसले. दलित व आदिवासी अभ्यासाचे विद्यार्थी आपल्याच अभ्यासक्रमातील वंचनेची परिभाषा आपल्याच प्रशासनापुढे ठेवीत होते. संस्थेचे म्हणणे होते की शुल्कमाफीचा बोजा संस्थेने स्वतःच्या तिजोरीतून अनिश्चित काळ उचलणे शक्य नाही, ती सरकारची जबाबदारी आहे. विद्यार्थ्यांचे म्हणणे होते की सरकारशी भांडण संस्थेने करावे, विद्यार्थ्याला मध्ये उभे करू नये. हिशेबाच्या वहीत संस्थेची बाजू बरोबर होती. परंतु ज्याच्याकडे कागद नाही त्यालाही प्रकल्पग्रस्त माना, हे सरकारला वर्षानुवर्षे सांगत आलेल्या अभ्यासकाच्या संस्थेत वहीची बाजू पुरेशी ठरत नव्हती, हेही तितकेच खरे.

याउलट त्याच दिवसांत टिसच्या मुंबई संकुलातील एका वसतिगृहाचा काही भाग लिंगनिरपेक्ष म्हणून विद्यार्थ्यांच्या मागणीवरून राखून ठेवण्यात आला, आणि देशातील अशा पहिल्या प्रयोगांत त्याची गणना झाली. एकाच संकुलात एक दार उघडत होते आणि दुसरे महाग होत होते.

परशुरामन यांच्यानंतर डॉ. शालिनी भारत संचालक झाल्या. २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठांचे नियम बदलले आणि टिसच्या संचालकाची नेमणूक केंद्र सरकारच्या अखत्यारीत गेली. विस्थापनाच्या कायद्यात मात्र या मधल्या काळात एक मूलभूत दुरुस्ती झाली होती. २०१३ च्या भूसंपादन व पुनर्वसन कायद्याने, जो १ जानेवारी २०१४ पासून अमलात आला, बाधित कुटुंबाच्या व्याख्येत कूळ, शेतमजूर आणि वनांवर उपजीविका असणाऱ्यांचा समावेश केला. मुळशीच्या कुळांना जे १९२१ मध्ये मिळाले नाही ते कागदावर यायला नव्वदहून अधिक वर्षे लागली. नव्या कायद्याचा मुळशीला स्वतःला उपयोग नाही. धरणाकाठच्या वस्त्यांतून गावठाण, रस्ता आणि पिण्याचे पाणी यांच्या मागण्या सत्याग्रहाच्या शताब्दी वर्षातही मांडल्या जात होत्या.

जून २०२४ च्या अखेरीस टिसच्या चारही संकुलांतील शंभराहून अधिक अध्यापक व कर्मचाऱ्यांना सेवासमाप्तीच्या नोटिसा मिळाल्या. त्यांचे वेतन टाटा एज्युकेशन ट्रस्टच्या अनुदानातून होत असे आणि ते अनुदान पुढे चालू राहील असे आश्वासन आले नव्हते. ओरड झाली, विश्वस्तनिधीशी बोलणी झाली, निधी देण्याचे मान्य झाले आणि ३० जूनला नोटिसा मागे घेण्यात आल्या.